सदाफुली : अंगणांतील वनस्पति आणि तिचें रसायन

मुंबईच्या चाळींतील गॅलरींत, पुण्याच्या जुन्या वाड्यांत, रेल्वेच्या रुळांकडेला आणि स्मशानाच्या भिंतीशीं सारख्याच निष्ठेनें फुलणारें झाड कोणतें, असें विचारल्यास सदाफुलीवांचून दुसरें नांव सुचत नाहीं. तिला कोणी मुद्दाम खत घालीत नाहीं, पाणी घालावयास विसरलें तरी ती रुसत नाहीं. गुरें व शेळ्या तिला तोंड लावीत नाहींत, कारण तिचीं पानें अतिशय कडू. देवपूजेला दुसरें फूल मिळालें नाहीं म्हणजे तिची आठवण होते. मोगऱ्याला किंवा गुलाबाला घरांत जो मान असतो तो तिला कधीं लाभला नाहीं. आणि सुवासच नसल्यामुळें तो लाभण्याचें कारणहि नव्हतें. असें असून, परळच्या टाटा रुग्णालयांत रक्ताच्या कर्करोगानें पछाडलेल्या मुलांच्या शिरेंत जीं औषधें सोडतात त्यांतील एक महत्त्वाचें औषध या कडू पानांतून निघालेलें आहे. त्याच शहरांत कित्येक घरीं मधुमेही माणसें सकाळीं उठून हींच पानें किंवा फुलें चावून खातात. दोन्ही गोष्टी एकाच झाडाच्या. परंतु एकीवरून दुसरीचें समर्थन होत नाहीं. तें कां होत नाहीं, हें समजण्यास या झाडाचें कूळ, त्याचा इतिहास व त्याचें रसायन यांची ओळख करून घ्यावी लागते.

शास्त्रीय परिभाषेंत सदाफुलीच्या गणाला कॅथॅरँथस असें म्हणतात. ग्रीक भाषेंत याचा अर्थ 'निर्मळ फूल' असा होतो. स्वीडनच्या लिनीअसनें १७५९ सालीं तिला 'विंका रोझिया' हें नांव देऊन युरोपांतील एका वेलीच्या गणांत बसविलें होतें. पुढें जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८३७ सालीं तिची चूल निराळी मांडून दिली. तरी जुनें नांव लोकांच्या जिभेवरून गेलें नाहीं, आणि तिच्यापासून निघालेल्या सर्व औषधांच्या नांवांना आरंभींचा 'विन्' चिकटून राहिला तो राहिलाच. या गणांत अवघ्या आठ जाति आहेत. त्यांपैकीं सात मूळच्या आफ्रिकेजवळील मादागास्कर बेटांतल्या. आठवी, बारीकशी व पांढऱ्या फुलांची, हिंदुस्थान आणि लंका येथें शेतांत तणासारखी उगवते. आपल्या अंगणांतली गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची सदाफुली ही मादागास्करची. जहाजांबरोबर ती उष्ण प्रदेशांतील सर्व देशांत गेली व जेथें गेली तेथें अशी रुळली कीं, ती पाहुणी आहे हें लोक विसरून गेले.

तिचे नातेवाईक मात्र आपल्या ओळखीचे आहेत. कण्हेर, तगर, चाफा, सातवीण, कुडा, करवंद व सर्पगंधा हीं सर्व याच कुळांतलीं. करवंदाचा अपवाद सोडला तर हें कूळ कडवटपणाचें, आणि विष व औषध या दोहोंमधली भिंत फार पातळ असलेलें आहे. कण्हेरीनें प्राण जातो, कुड्यानें अतिसार थांबतो, सर्पगंधेनें रक्ताचा दाब उतरतो. अशा घराण्यांतली मुलगी निरुपद्रवी असेल, ही अपेक्षा करणेंच चूक.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. सदाफुली ही प्राचीन आयुर्वेदांतील वनस्पति आहे असें पुष्कळांना वाटतें, व त्यासाठीं 'सदापुष्प' या संस्कृत नांवाचा दाखला देण्यांत येतो. भावप्रकाश निघंटूंत हें नांव आहे, यांत शंका नाहीं. पण तें पांढऱ्या रुईचें नांव आहे. चरक-सुश्रुतांना मादागास्करची ही पाहुणी माहीत असण्याचा संभवच नव्हता. नांव जुनें म्हणून औषध जुनें, असा हिशेब वनस्पतींच्या बाबतींत वारंवार फसतो.

लोकांनीं तिचा औषधी उपयोग केला नाहीं असें मात्र नाहीं. मादागास्करांत तिच्या पानांचा काढा वांति होण्यासाठीं देत, आणि मूळ जुलाबासाठीं, जंतांसाठीं व दांतदुखीवर वापरीत. आपल्याकडे गांधीलमाशीच्या दंशावर पानांचा रस चोळीत. पण सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, वेस्ट इंडीज बेटें, फिलिपाईन्स आणि दक्षिण आफ्रिका अशा एकमेकांपासून हजारों मैल दूर असलेल्या देशांतील लोक हिच्या पानांचा काढा एकाच रोगावर, म्हणजे मधुमेहावर, घेत असत. इंग्लंडांतहि 'विंक्युलिन' या नांवानें तिचें तयार औषध मधुमेही लोकांना विकलें जात होतें. इतक्या मुखांनीं एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती सिद्ध झाली असें नव्हे. झाडाबरोबर त्याची कीर्तिहि जहाजानें प्रवास करीत असेल. तथापि अशी कीर्ति ऐकून शास्त्रज्ञानें झाडाची परीक्षा घेऊं नये, असेंहि कोणी म्हणणार नाहीं. आणि ती परीक्षा झाली म्हणूनच पुढील इतिहास घडला.

कॅनडांतील टोरांटो शहरीं १९२१ सालच्या उन्हाळ्यांत बँटिंग यांनीं इन्सुलिनच्या शोधास आरंभ केला, तेव्हां त्यांच्या मदतीस दोन तरुण विद्यार्थी नेमले होते. त्यांपैकीं प्रथम कोणीं काम करावें हें नाणें उडवून ठरलें. कौल चार्ल्स बेस्ट यांच्या बाजूनें पडला आणि ते जगप्रसिद्ध झाले. क्लार्क नोबल हे दुसरे विद्यार्थी मागें राहिले व पुढें डॉक्टरकी करूं लागले. १९५२ सालीं या क्लार्क नोबल यांच्याकडे जमेका बेटांतून एक पाकीट आलें. आंत सदाफुलीचीं पंचवीस पानें होतीं, आणि इन्सुलिन न मिळाल्यास तेथील लोक या पानांचा चहा घेतात, अशी माहिती होती. क्लार्क यांनीं तें पाकीट आपले धाकटे बंधु रॉबर्ट नोबल यांच्याकडे धाडलें. रॉबर्ट हे ऑंटेरिओ प्रांतांतील लंडन नांवाच्या गांवीं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत संशोधन करीत होते.

रॉबर्ट नोबल यांनीं पानांचा अर्क उंदरांना पाजून पाहिला. रक्तांतील साखर तसूभरहि हलली नाहीं. एखाद्यानें तेथेंच वहींत 'निरुपयोगी' असा शेरा मारून प्रकरण बंद केलें असतें. नोबल यांनीं तोच अर्क शिरेंत टोचून पाहिला. साखर तरीहि उतरली नाहीं. पण आठवडाभराच्या आंत ते उंदीर मेले, आणि मेले ते अंगांत जागोजाग गळवें होऊन. जे जंतु एरवीं निरोगी उंदराचें कांहीं बिघडवीत नाहींत, त्यांनीं या उंदरांना मारलें होतें. याचा अर्थ, जंतूंशीं लढणारें शरीरांतलें सैन्यच नाहींसें झालें असावें. रक्त तपासलें तेव्हां पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्यानें खालीं गेलेली आढळली, आणि हाडांतील मगज, जेथें या पेशी जन्मास येतात, तो ओस पडलेला दिसला. नोबल यांच्या बुद्धीचें खरें तेज येथें दिसतें. ज्या द्रव्यानें पांढऱ्या पेशी नष्ट होतात तें निरोगी माणसास विष खरें. पण ज्या रोगांत याच पेशी बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कर्करोगांत तेंच औषध ठरूं शकेल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९५४ सालीं चार्ल्स बीअर हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. ढीगभर पानांतून कण कण शोधीत त्यांनीं तें द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केलें, आणि १९५८ सालीं न्यूयॉर्क येथें तें विद्वानांपुढें मांडण्यांत आलें. त्यालाच आज विन्ब्लास्टिन म्हणतात.

त्याच सुमारास अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें एली लिली या औषधी कंपनींत गॉर्डन स्वोबोडा हे गृहस्थ नाना देशांतील वनस्पतींचे अर्क तपाशीत होते. सदाफुलीचा अर्क दिलेले, रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर अपेक्षेहून अधिक दिवस जगतात, असें तेथें आढळून आलें. दोन्ही ठिकाणच्या वाटा अशा एका झाडाशीं येऊन मिळाल्या. या कंपनीच्या प्रयोगशाळेंतून पुढें विन्ब्लास्टिनचें भावंड विन्क्रिस्टिन निघालें. अमेरिकेच्या सरकारनें पहिल्यास १९६१ सालीं व दुसऱ्यास १९६३ सालीं मान्यता दिली. मधुमेहाचें औषध शोधावयास निघालेल्या माणसांच्या हातीं कर्करोगाचें औषध लागलें तें असें.

आतां रसायनाकडे वळूं. वनस्पतींत नत्रयुक्त, बहुधा कडू व शरीरावर तीव्र परिणाम करणारीं जीं द्रव्यें असतात त्यांना अल्कलॉइड म्हणतात. अफूंतील मॉर्फिन, सिंकोनाच्या सालींतील क्विनीन हीं त्याच वर्गांतलीं. सदाफुलींत अशीं शंभराहून अधिक अल्कलॉइड सांपडलीं आहेत. एका लहानशा झुडुपांत एवढा साठा क्वचितच आढळतो. मुळांत सर्पेंटिन व अज्मलिसिन हीं असतात. हीं दोन्ही सर्पगंधेच्या मुळांतहि आहेत. तेथून तीं प्रथम वेगळीं केलीं सलिमुझ्झमान सिद्दिकी यांनीं, दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत, १९३१ च्या सुमारास. आणि हकीम अजमल खान यांचें नांव त्यांनीं या द्रव्यांच्या नांवांत गुंफून ठेविलें. रक्ताभिसरण सुधारण्यासाठीं अज्मलिसिनचा उपयोग करतात, आणि सदाफुलीचीं मुळें त्यासाठीं बाजारांत विकलीं जातात.

पानांतली गोष्ट अधिक नवलाची आहे. पानांत कॅथॅरँथिन आणि विंडोलिन हीं दोन अल्कलॉइड बऱ्यापैकीं प्रमाणांत असतात. सुटीं असतां या दोहोंपैकीं एकाच्याहि अंगीं कर्करोग आवरण्याचें म्हणण्यासारखें सामर्थ्य नाहीं. झाड त्यांतील थोड्याशा भागाची जोडी जुळवितें, आणि त्या जोडींतून विन्ब्लास्टिन बनतें. त्याच्या एका रेणूंत कर्बाचे ४६, हायड्रोजनचे ५८, नत्राचे ४ व प्राणवायूचे ९ अणु असतात. त्यांतून हायड्रोजनचे दोन अणु काढले आणि प्राणवायूचा एक घातला कीं विन्क्रिस्टिन झालें. एवढ्याशा फरकानें दोघांचा स्वभाव बदलतो. विन्ब्लास्टिनचा जोर मगजावर पडतो. विन्क्रिस्टिन मगजाला पुष्कळसें सांभाळून घेतें, पण मज्जातंतूंना दुखवितें.

हीं द्रव्यें नेमकें करतात तरी काय? एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हां आंतील गुणसूत्रांची बिनचूक वांटणी व्हावी लागते. दोन भाऊ वडिलोपार्जित शेत वांटून घेतांना दोरी धरतात, तशाच सूक्ष्म दोऱ्या पेशींत या वेळीं तयार होतात आणि गुणसूत्रांना दोन बाजूंस ओढून नेतात. त्या दोऱ्या ट्यूब्युलिन नांवाच्या प्रथिनाचे कण विटांसारखे एकावर एक रचून बनतात. सदाफुलीचीं अल्कलॉइड या विटांना जाऊन चिकटतात, त्यामुळें रचना होऊं शकत नाहीं. गुणसूत्रें मधोमध रांग धरून तशींच उभीं राहतात, वांटणी होत नाहीं, आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी घाईघाईनें वाढत असल्यामुळें त्या या पेंचांत अधिक सांपडतात. परंतु औषधाला शत्रु-मित्र ओळखतां येत नाहीं. मगज, केसांचीं मुळें, आंतड्याचें अस्तर हींहि सतत नव्या पेशी घडवीत असतात, म्हणून त्यांनाहि झळ लागते. मज्जातंतूंतून माल वाहून नेणारे मार्ग याच विटांचे असल्यानें विन्क्रिस्टिन घेणाऱ्या मुलाच्या बोटांना मुंग्या येतात, कधीं पाऊल नीट उचलत नाहीं, मलावरोध होतो. तें शिरेंतच द्यावें लागतें. चुकून पाठीच्या कण्यांतील द्रवांत गेलें तर जवळजवळ खात्रीनें मृत्यु ओढवतो, आणि असे अपघात झाल्यामुळें जागतिक आरोग्य संघटनेस २००७ सालीं जगभरच्या रुग्णालयांना इशारा द्यावा लागला.

इतकें असूनहि या औषधाचें मोल मोठें आहे. १९६० च्या सुमारास तीव्र रक्तकर्करोग झालेल्या दहा मुलांपैकीं एखादेंच पांच वर्षें जगे. एकट्या विन्क्रिस्टिननें रोग हटत असे, पण पुन्हां उलटत असे. १९६२ पासून अमेरिकेंत तें आणखी तीन औषधांच्या जोडीनें एकदम देऊन पाहण्यांत आलें, आणि तेथून दिवस पालटले. आज संपन्न देशांत या रोगाच्या मुख्य प्रकारांतून दहांपैकीं सुमारें नऊ मुलें वांचतात. आपल्याकडे मुंबईचें टाटा रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था व दिल्लीची आयुर्विज्ञान संस्था यांनीं १९८४ पासून एकच ठरीव उपचारक्रम सुरू केला. त्यांतहि विन्क्रिस्टिन होतेंच, आणि निम्म्याच्या आसपास मुलें वांचूं लागलीं. श्रेय एकट्या सदाफुलीचें नव्हे. पण तिला वगळूनहि हा इतिहास लिहितां येत नाहीं.

मग अंगणांतलीं पानें मुलाला वाटून कां देऊं नयेत, असा प्रश्न दुःखानें व्याकुळ झालेल्या आईबापांच्या मनांत येतो, आणि त्याचें उत्तर रागावून नव्हे, हिशेबानें दिलें पाहिजे. एक ग्रॅम विन्ब्लास्टिन काढण्यास कमींत कमी पांचशें किलो तरी वाळलेलीं पानें लागतात. म्हणजे एक किलो पानांतून दोन मिलिग्रॅम, आणि एक ग्रॅम पानांतून मिलिग्रॅमचे अवघे दोन सहस्रांश. विन्क्रिस्टिन तर याहूनहि पुष्कळ कमी. रुग्णालयांत विन्क्रिस्टिनची एका वेळची मात्रा बहुधा दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊं देत नाहींत; मोहरीच्या लहानशा दाण्याचें तें वजन. तेवढें पानांतून मिळवावयाचें तर पानांचें पोतेंच्या पोतें खावें लागेल. त्यांतून हीं द्रव्यें पोटांतून रक्तांत नीट उतरत नाहींत, हें नोबल यांच्या उंदरांनीं आरंभींच दाखविलें होतें. तेव्हां कर्करोगावर पानांच्या रसाचा उपयोग शून्य.

यावर चतुर माणूस म्हणेल, विष इतकें थोडें आहे तर मधुमेहासाठीं चार पानें चावण्यांत धोका कोणता? धोका असा कीं, विन्ब्लास्टिन थोडें असलें तरी बाकीचीं शंभर अल्कलॉइड थोडीं नाहींत. कोणत्या झाडांत, कोणत्या ऋतूंत, कोणत्या पानांत कोणतें किती, याचा नियम नाहीं. प्राण्यांवरील कांहीं प्रयोगांत पानांच्या रसानें साखर उतरल्याचें आढळलें आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे; पण माणसाला कोणती मात्रा लागू पडते व किती दिवस सोसते हें ठरलेलें नाहीं. जो साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेत आहे त्यानें वर हा रस घेतल्यास साखर एकदम खालीं जाण्याची भीति आहे. आणि जो रसावर भरंवसा ठेवून इन्सुलिन सोडतो, त्याचें नुकसान कडू पानांनीं होत नाहीं, सोडलेल्या इन्सुलिननें होतें. गर्भवती स्त्रीनें तर या पानांच्या वाटेस जाऊंच नये. पेशींची वाढ रोखणारीं द्रव्यें गर्भाला कशीं मानवतील? शेजारणीच्या आग्रहाला बळी पडण्यापेक्षां डॉक्टरला विचारण्यास पैसे थोडे अधिक पडतील, एवढेंच.

मादागास्करच्या वांट्याला काय आलें, हाहि एक विचारण्याजोगा प्रश्न आहे. वनस्पति त्यांची, काढ्याची आठवण जमेकाच्या गोरगरिबांची, आणि नफा अमेरिकेचा, अशी तक्रार पुष्कळ वर्षें ऐकूं येते. यांत तथ्य आहे, पण सगळें तेवढेंच नाहीं. शोध लागला त्या वेळीं सदाफुली अर्ध्या जगाच्या अंगणांत होती, आणि लोकांनीं ती ज्या रोगासाठीं सांगितली त्यावर ती लागू पडलीच नव्हती. तरीहि झाडाच्या जन्मभूमीला कांहींच मिळूं नये हें मनाला पटत नाहीं. १९९२ सालच्या रिओ येथील जैवविविधतेच्या करारांत आणि २०१० सालच्या नागोया येथील मसुद्यांत अशा लाभाच्या वांटणीचीं तत्त्वें घालून दिलीं गेलीं. हिंदुस्थानानें आपला कायदा २००२ सालीं केला. ज्या वेळीं या चर्चा होतात त्या वेळीं सदाफुलीचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं.

आपल्याकडे तामिळनाडूंत हिची रीतसर शेती होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें 'निर्मल' आणि 'धवल' हे वाण त्यासाठींच तयार केले. पडीक, रेताड जमीन तिला चालते, पाण्याची ओढ ती सोसते. पानें व मुळें वाळवून विकलीं जातात. इकडे शास्त्रज्ञांना मात्र पानांचे डोंगर उपसण्याचा कंटाळा आला होता. झाड हें औषध कोणकोणत्या पायऱ्यांनीं बनवितें, याचे शेवटचे हरवलेले दुवे इंग्लंडांतील नॉर्विच येथील सेरा ओ'कॉनर यांच्या प्रयोगशाळेनें २०१८ सालीं शोधून काढले. त्याच्या आधारें डेन्मार्कमधील संशोधकांनीं २०२२ सालीं पाव फुगविण्याच्या किण्वांत झाडाचीं जनुकें बसवून त्याच्याकडून कॅथॅरँथिन व विंडोलिन बनवून घेतलें, आणि मग प्रयोगशाळेंत त्यांची जोडी जुळवून विन्ब्लास्टिन केलें. सुमारें तीस पायऱ्यांचें हें काम आहे आणि हातीं येणारें द्रव्य अद्याप अत्यल्प असतें. तेव्हां कारखान्यांच्या आवारांत सदाफुलीच्या वाळलेल्या पानांचीं पोतीं आणखी कांहीं वर्षें तरी येत राहणार.